टोपीतल्या पिसाची सावली

मी एक जुना सिमेंटचा कोंबडा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात एका गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, दोन मजली घराएवढा उभा आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी डूख धरणारा कोंबडा आहे. एका माणसावर मी कित्येक वर्षं डूख धरला, आणि ज्या दिवशी त्याचं उट्टं निघालं त्या दिवशीचा आनंद अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

मला आल्विना नोवोत्नीने बांधलं. तिचा नवरा एमिल युद्धातून परत आला नाही. मागे राहिली ती रस्त्याकडेची छोटी खानावळ आणि एमिलचा धाकटा भाऊ क्लीट. जमीन क्लीटच्या नावावर होती, शेजारचा पेट्रोल पंपही त्याचाच. आल्विना कोंबडी तळायची आणि आलुबुखार भरलेले, कोलाचे नावाचे गोड पाव भाजायची. पण ते खायला गाडी थांबायला तर हवी. त्या काळी सगळा देशच गाडीत बसून कुठे ना कुठे निघालेला असायचा, आणि आमच्यासमोरून धूळ उडवत सुसाट निघून जायचा.

मग १९५१च्या उन्हाळ्यात आल्विनाने कंबर कसली. जुन्या पवनचक्कीचे पाइप ही माझी हाडं. त्यांच्यावर तिने कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळली, आणि त्या जाळीतूनच कोंबडा बनतोय याचं तिला एकटीला हसू यायचं. वर सिमेंटचे थर दिले. मोडीत निघालेल्या ट्रकचे दोन दिवे मला डोळे म्हणून बसवले. सकाळची गिऱ्हाइकं उरकली की ती शिडीवर चढायची. डोक्यावर एमिलची रुंद काठाची टोपी असायची, आणि तिच्या पट्ट्यात कोंबड्याचं एक लांब पीस उभं खोचलेलं असायचं. क्लीट पंपावर खुर्ची टाकून सरबताची बाटली तोंडाला लावायचा आणि तिथूनच तिला शहाणपण शिकवायचा. मला एक घमेलं सिमेंटही त्याच्या हातून मिळालं नाही.

माझं तोंड कुठे करायचं यावरून दोघांचं जुंपलं. रस्ता माझ्या उत्तरेला आहे. आल्विनाने माझं तोंड नैर्ऋत्येला ठेवलं, म्हणजे रस्त्याकडे आली माझी शेपूट.

"अगं, गिऱ्हाइकाला आधी कोंबड्याचं बूड दाखवणार तू?" क्लीट म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. हसायला तरी थांबतील," ती म्हणाली. "लोक येतात उन्हं कलल्यावर, जेवणाच्या वेळेला. आल्यावर फोटो काढणार. तोंड रस्त्याकडे केलं तर ऊन फोटोत उभं राहणाऱ्यांच्या पाठीशी येईल आणि घरी जातील ती काळी तोंडं. गाडी थांबवायला शेपूट पुरे आहे."

आणि शेपटीने गाड्या थांबवल्या. पुढच्या बाजूला काय आहे ते बघायला लोक वळून आत येऊ लागले. काम पुरं झालं तेव्हा आल्विनाने माझ्या उजव्या पायाच्या ओल्या सिमेंटवर आपला पंजा दाबून ठेवला. सही म्हणायची तर तेवढीच. मित्रांनो, तुमच्या आईने तुमच्या पाठीवर हात ठेवला तर तुम्हाला कसं वाटतं? मला तसं वाटलं, आणि सिमेंट सुकल्यावरही तो हात निघाला नाही.

ती वर्षं फार छान होती. माझ्याभोवती आल्विनाने मुलांना आत बसता येईल एवढी सिमेंटची अंडी केली, झोके टांगले, छोटी आगगाडी आणली. लोक त्याला कोंबडाबाग म्हणू लागले. मागे पंखांसारखे पत्रे उभारलेल्या त्या काळच्या लांबलचक गाड्यांतून ओमाहाची, डेन्व्हरची कुटुंबं उतरायची. बायका रुमाल सोडून केस सारखे करायच्या, पुरुष कंबर ताठ करायचे, पोरं अंड्यांत घुसायची. मग बाप डब्यासारखा कॅमेरा काढायचा आणि एकच अडचण यायची. फोटो तो काढणार, म्हणजे फोटोत तो नसणार.

तेव्हा आल्विना पुढे व्हायची. हात एप्रनला पुसायची आणि म्हणायची, "आणा इकडे. तुम्हीही उभे राहा त्यांच्यात." ऊन पाठीशी घेऊन ती उभी राहायची, कॅमेरा पोटाशी धरायची, कोपरं बाहेर काढायची आणि काचेत बघायला मान खाली घालायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हसा, नाहीतर हसू नका. पण हलू नका."

त्या वर्षांत माझ्या पायाशी निघालेले बहुतेक सगळे फोटो तिच्या हातचे. तिचा मात्र एकही नाही. तिच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता, आणि आजवर कुणाला सुचलं नाही की या बाईलाही एकदा उभं करावं.

आता क्लीटकडे येतो. मी त्याला विसरलोय असं समजू नका.

कोंबडाबाग चालायला लागल्यावर एके दिवशी वर्तमानपत्रवाले आले. आल्विना आत भट्टीशी होती. क्लीट पंपावरून धावत आला, माझ्या पायावर हात ठेवून उभा राहिला आणि मी त्याच्या हातचा आहे असं त्याने बिनदिक्कत सांगितलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण याला तर पीठही आपलंच वाटत होतं. बातमी छापून आली तेव्हा आल्विना हसली. म्हणाली, चार गिऱ्हाइकं वाढली तर वाढू देत. तिथेच ती चुकली. लोक क्लीटला नवल करून विचारायला लागले, तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याला ते खरंच वाटू लागलं. मग एका पाहुण्याने माझ्या पायावरचा पंजा बघून विचारलं, हा हात इतका लहान कसा?

दुसऱ्या दिवशी क्लीट छिन्नी घेऊन आला. त्याने तो पंजा खरवडून काढला आणि वर गिलावा मारला. मला चोच आहे पण ती उघडत नाही. दातओठ खावे म्हटलं तर दातही नाहीत. मी नुसता बघत राहिलो. आल्विनाने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि क्लीटला विचारलं की हे का केलंस. तो म्हणाला, "जमीन माझी आहे. माझ्या जमिनीवर जे उभं आहे ते माझंच. तुला पटत नसेल तर रस्ता समोर आहे."

ती त्याच आठवड्यात बसने ओमाहाला गेली आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. जाताना तिने भांडी नेली नाहीत, भट्टी नेली नाही. टोपी तेवढी नेली.

पुढे दूरवरून नवा रुंद महामार्ग झाला आणि गाड्या तिकडे वळल्या. क्लीटने बागेला कुलूप लावलं. माझा तुरा तुटून पडला तो कुणी उचलला नाही. मोकाट लोकांनी बिअर पीत माझ्या छातीवर बंदुकीचे नेम धरले. माझे डोळे फुटले. अंड्यांत पावसाचं पाणी साचून डास झाले. मित्रांनो, मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. जुनी वस्तू झिजायचीच. पण पायावरचा तो गिलावा मात्र कशाने पडेना. सगळं अंग उकललं आणि नेमकी तेवढीच जागा धडधाकट राहिली, याचा मला अतोनात संताप यायचा.

मग बऱ्याच वर्षांनी वारं फिरलं. लोकांना आपलं लहानपण आठवू लागलं. गावच्या ग्रंथालयातली मार्जीन ही बाई मोठी उत्साही. तिने वर्गणी काढून मला रंग दिला, नवे डोळे आणि तुरा बसवला, आणि पेपरात आवाहन केलं की ज्यांच्याकडे कोंबडाबागेतले जुने फोटो असतील त्यांनी पाठवावेत, ऑक्टोबरातल्या शनिवारी संध्याकाळी सोहळा आहे. फोटो पोत्याने आले. कातरलेल्या कडांचे, पिवळे पडलेले, कुणाच्या तरी पाकिटात दुमडलेले. तिने ते फळ्यांवर चिकटवले आणि फळ्या माझ्यासमोर गवतात रांगेने मांडल्या.

सोहळ्याचा मानकरी अर्थातच क्लीट. म्हातारा झाला होता, पण ताठा तसूभर कमी नव्हता. त्याच्या नावाचा पितळी फलकही तयार होता: हा कोंबडा क्लीट नोवोत्नी यांनी स्वहस्ते बांधला. आणि तो बसवला कुठे? माझ्या उजव्या पायावर, बरोबर त्या गिलाव्याच्या जागी. एकदा समारंभ झाला की ते पितळ कायमचं, आणि आल्विनाचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नव्हतं. फलकावर फडकं टाकलं होतं. ते ओढायचं तेवढं बाकी होतं.

मार्जीन फळ्यांसमोर उभी राहून कधीची काहीतरी बघत होती. शेवटी तिने क्लीटला विचारलं, "मिस्टर नोवोत्नी, हे फोटो कोण काढून द्यायचं हो? इतक्या वेगवेगळ्या घरचे आहेत, तरी एकाच हातचे वाटतात."

क्लीट गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण फुकटच्या मानाची चटक वाईट. तो म्हणाला, "मीच की. लोक कॅमेरा माझ्याच हातात द्यायचे. मी म्हणायचो, तुम्ही सगळे उभे राहा, मी काढतो."

"सगळे?"

"एकूण एक."

"मग तुम्ही टोपीत पीस खोचायचात?" मार्जीनने विचारलं.

तिने फळीवर बोट ठेवलं. ऊन पाठीशी असलं की फोटो काढणाऱ्याची सावली पुढे पडते, आणि आल्विना नेहमी ऊन पाठीशीच घ्यायची. प्रत्येक फोटोत खाली, गवतावर, हसऱ्या माणसांच्या पायांशी एक सावली आडवी पडली होती. बाहेर निघालेली कोपरं, रुंद काठाची टोपी आणि तिच्यात उभं पीस. कुटुंबं बदलली, कपडे बदलले, सावली तीच. माझ्या जन्माच्या वेळी कुणा वाटसरूच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोतही ती होती. तिथे मी अर्धाच होतो, पायांवर ओलं सिमेंट आणि सावलीच्या हातात थापी. लोक जवळ येऊन बघू लागले. कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा ट्रकवाला म्हणाला, इथे कोलाचे करणारी एक बाई होती ना?

क्लीटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने ते बोलणं उडवून लावलं. ऊन चाललंय, आधी फोटो होऊ दे, म्हणून समितीला माझ्या पायाशी उभं केलं आणि स्वतः मधोमध उभा राहिला. मार्जीनही फोटोत हवी होती, म्हणून तिचा कॅमेरा घेऊन त्याने गर्दीत पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीच्या हातात कोंबला. तिच्या डोळ्यांना जाड चष्मा होता, हातात कापडी पिशवी होती. क्लीटने तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. कॅमेरा धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघतंय कोण?

मी मात्र तिला पेट्रोल पंपापाशी बसमधून उतरली तेव्हाच ओळखलं होतं. पेपरातलं आवाहन तिनेही वाचलं होतं. तिच्याकडे पाठवायला फोटो नव्हता, म्हणून ती स्वतःच आली होती.

म्हातारी सावकाश चालत गेली. कुठे उभं राहायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ऊन पाठीशी आलं तशी ती थांबली, पिशवीत हात घातला आणि एमिलची टोपी काढून डोक्यावर ठेवली. पीस नवं होतं. तिने कोपरं बाहेर काढली. उतरत्या उन्हात तिची सावली गवतावरून लांबत गेली, फळ्यांसमोरून गेली, समितीपाशी पोचली, आणि टोपीतलं ते पीस नेमकं क्लीटच्या बुटांवर जाऊन टेकलं.

लोक फळीकडे बघत, मग गवताकडे बघत, मग तिच्याकडे. क्लीटने खाली पाहिलं. त्याने एक पाय मागे घेतला, तशी मागे माझा पाय आला. तिथून पुढे त्याला जागा नव्हती.

"हस, नाहीतर हसू नकोस, क्लीट," आल्विना म्हणाली. "पण हलू नकोस."

आणि तिने फोटो काढला.

फडकं कुणी ओढलंच नाही. क्लीट गाडीत बसून निघून गेला आणि मरेपर्यंत या बाजूला फिरकला नाही. त्याच्यासाठी मला कणभरही वाईट वाटलं नाही, तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका. आल्विना त्या दिवशी खानावळीच्या पायरीवर बसून राहिली. लोक तिच्याशी बोलायला आले, तिने प्रत्येकाला एवढंच विचारलं की फोटोत तुमचं तोंड नीट आलं होतं ना. मार्जीनने नंतर तो फलक उखडला. त्याच्यासोबत गिलाव्याचा एक मोठा पोपडा निघाला. खाली पंजा उरला नव्हता, छिन्नीचे वार तेवढे होते. ते मी तसेच ठेवले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुने फोटो असतील. त्यांना पाणी लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका, आणि हसणारे चेहरे बघून झाले की एकदा खाली पायांशीही बघा. सगळ्यांना उभं करून जे माणूस स्वतः बाहेर राहिलं, त्याचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर आजच विचारून ठेवा. सगळ्यांनाच माझ्यासारखा डूख धरणारा कोंबडा मिळत नाही.

फलकाच्या जागी आता काचेत तोच फोटो बसवलेला आहे. परवाच एक छोटी मुलगी काचेला नाक लावून उभी होती. मधे उभा असलेला, घाबरलेल्या तोंडाचा माणूस कोण, असं तिने आईला विचारलं. आईने वाकून नीट बघितलं.

"त्याचं नाव नाही गं लिहिलेलं," ती म्हणाली. "पण फोटो आल्विनाने काढलाय."