आवाज ठेवायची जागा

लेकीने आलेखाच्या कागदावर बेत मांडला होता. प्रयोगशाळेत मोजमापं घेण्याची नोकरी, त्यामुळे फायली साठवायच्या घरच्या पहिल्यावहिल्या सर्व्हरचंही तिने सगळं मोजूनमापून ठरवलं होतं: कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला छोटा कॉम्प्युटर, आठ जीबी रॅम, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम आणि दोन हार्ड डिस्क. एकीवर जे जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. जागा कपाटावर, जिथे हवा खेळती होती.

हा खटाटोप एक्केचाळीस निरोपांसाठी होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला, त्याला वर्ष झालं. त्याआधी तिने फोनवर बोलून पाठवलेले निरोप लेकीने लॅपटॉपवर उतरवून घेतले होते. प्रत ती एकच, आणि लॅपटॉप अधूनमधून मान टाकणारा.

"एवढ्याशा निरोपांना एवढा संसार?" घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच कागद पाहिला.

"फोटोही राहतील हो बाबा."

"बरं. आणि एकीवरचं चुकून पुसलं तर?"

"तर दुसरीवरूनही..." तिचं वाक्य तोंडातच राहिलं.

"त्याच क्षणी," बाबा म्हणाले. "अगं, ही दोन घड्याळं नव्हेत. एकाच घड्याळाला तू दोन तबकड्या लावल्यास."

लेक ओशाळली. डिस्क बिघडली तर काय, याचा तिने महिनाभर अभ्यास केला होता. माणूस चुकला तर काय, हे डोक्यातच आलं नव्हतं. तिने खोडून नवं लिहिलं: एक डिस्क घरी, दुसरी मावशीकडे, दर रविवारी ती आणून प्रत घ्यायची आणि परत नेऊन ठेवायची.

आईने वही पुढे ओढली. 'मावशीकडे नको.'

"का गं?"

'दोन निरोपांत तिला नावं ठेवलीत.'

बाबा असे हसले की भिंग मांडीवर पडलं. "दोनच?"

"कुलूप लावते ना आई. पासवर्डाशिवाय तिला काही ऐकू यायचं नाही."

आईची पेन्सिल थांबली नाही. 'आवाज माझा. मला कुणी विचारलं? आधी ऐकव.'

वर्षभर लेक स्वतः हे निरोप कानाला लावून ऐकत आली होती. आईला ते ऐकवावेत असं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

तिने लॅपटॉप उघडला. 'पोचलीस का गं?' 'दूध बघ, उतू जाईल.' 'शहाणपणा पुरे, जेवून घे.' आईचे ओठ आवाजाबरोबर हलत राहिले. मावशीला नावं ठेवलेले दोन निरोप आले तसं आईने बोट दाखवलं आणि लिहिलं, 'पुस.'

"राहू दे ना आई. कुलूप आहे की."

आईने नुसती मान हलवली.

लेकीचं बोट बटणावर अडलं. नवा बेत अजून कागदावरच होता; हे गेलं की गेलंच. "नक्की?"

आईने डोळे मिटून होकार दिला. लेकीने दोन्ही पुसले. एकोणचाळीस उरले.

"काही बिघडत नाही," बाबा म्हणाले. "मावशीबद्दल काय काय म्हणालीस ते मला तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?"

आईने त्यांच्या दंडावर चापट मारली आणि हसली. आता तिचं हसणं म्हणजे नुसता श्वास, तुटक तुटक, सायकलच्या पंपासारखा. लेकीने फोन हातात घेऊन रेकॉर्डिंग उघडलं.

"आई, हे पण घेऊ?"

आईने जरा विचार केला. मग फोटोच काढायचा असल्यासारखे केस सारखे केले आणि फोनजवळ सरकली.