नायिकेचं खोटं

रबराचा करडा चुरा, किचन टेबलवर, आणि तो तळहाताने गोळा करता करता रत्नाची नजर पुन्हा सावनीच्या वहीतल्या त्याच ओळीवर गेली... सातवीतल्या मुलीने शाळेसाठी ग्रीक देवांची गोष्ट लिहायची, आईने ती टाइप करून द्यायची. अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या रविवारी याहून कठीण काम ते काय असणार. पण या पोरीची नायिका भलतीच निघाली. बहिणीला सोडवायला पाताळात निघते, नदीकाठी घाबरते, आणि घरी येऊन सांगते की नावाड्याने मला पलीकडे नेलंच नाही. नावाडी तर थांबला होता.

हे कोणी शिकवलं हिला? रत्नाने ओळ सरळ बदलली. नावाड्याने खरोखरच नेलं नाही. नायिका कशी स्वच्छ हवी.

दोन हजार तीनमध्ये रत्नाची आई पुण्याला आयसीयूत होती तेव्हा रत्ना धाकट्या बहिणीला, गिरिजाला फोनवर म्हणाली होती, "आत्ता आले तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकेन गं, परत इकडे येता येणार नाही, जॉब जाईल." तेव्हा सगळेच हे म्हणत, आणि बहुतेकांचं खरंही असे. माझ्या पासपोर्टवर मात्र कोरा करकरीत स्टॅम्प होता, पुढची दोन वर्षं चालणारा. मला आईला तशी, नळ्या लावलेली, बघायची नव्हती — बस, इतकंच. भेकड, दुसरं काय. आठव्या दिवशी आई गेली.

सावनीने प्रिंट वाचली. ती रागावली नाही, आणि तेच जास्त लागलं.

"यू मेड हर गुड, आई."

"मग? वाईट आहे का ते?"

"देन व्हाय वुड शी गो बॅक? ती खोटं बोलली म्हणून तर शेवटी बहिणीसाठी परत जाते ना."

रत्नाने जुनी ओळ पुन्हा टाइप केली. सावनीच्या गोष्टीत बहीण पाताळात वाट बघत बसते, किती सोयीचं... आई कुठे बसली आहे? परत जायचं तर गिरिजाकडेच, जी त्या दिवशी क्षणभरही न थांबता म्हणाली होती, "राहू दे ताई, तिकडचे नियम कडक झालेत म्हणे." पाच वर्षं मी समजत होते, थाप पचली. इतक्या पटकन कोण विश्वास ठेवतं? तिने पासपोर्ट पाहिला नव्हता, पण ती मला जन्मापासून ओळखत होती. रत्नाला रडू आलं नाही, संताप आला — एकदा तरी "ये" म्हणायचं होतंस गिरिजा, मी आले असते — आणि मी आले नसते हे पक्कं ठाऊक असूनही तो संताप काही जाईना.