पोर्ट ऑफ स्पेनला जातं का?

"हे पोर्ट ऑफ स्पेनला जातं का?" आईंनी विचारलं.

आमटी वाढता वाढता माझा हात तसाच थांबला. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, त्यावर एका पांढऱ्याशुभ्र जहाजाचा फोटो, पापडाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन आणि फोनच्या स्पीकरवर न्यू जर्सीहून माझी नणंद मेधा. घसा कोरडा पडेपर्यंत मी त्या जहाजाचा मार्ग वाचून दाखवला होता.

"नाही जात, आई. मायामी, जमैका, केमन, मेक्सिको आणि परत मायामी. आत्ताच तर वाचलं ना?"

"मग नको."

"अहो, नको काय!"

"आई, प्लीज!" फोनमधून मेधा ओरडली. "प्रत्येक जहाजाला तू हेच म्हणतेस. कुठलंच जहाज जात नाही तिकडे. मी विचारलंय सगळीकडे."

"तुम्ही जा की सगळे," भात कालवत आई शांतपणे म्हणाल्या. "मी कुठे कुणाला अडवलंय?"

आता बोला! जिच्या पंचाहत्तरीसाठी हा सगळा घाट घातलाय, तीच म्हणते तुम्ही जा. कपाळाला हात लावायचा तर हाताला आमटी लागलेली.

ही क्रूझची कल्पना मेधाची. जूनमध्ये आईंना पंचाहत्तर पूर्ण होणार, तर दोन्ही मुलांनी, सुना-जावयांनी, नातवंडांनी एका जहाजावर आठवडाभर एकत्र राहायचं. कॅरिबियन का, तर तिला तिकडून जवळ पडतं म्हणून. माझा नवरा निशिकांत इथे सिंगापूरच्या बंदरावर, हार्बरफ्रंटला, एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये. त्याच्या खिडकीतून रोज जहाजं दिसतात, पण जन्मात कधी एकावर पाय ठेवलेला नाही. आमच्या घरात दुसऱ्या कुणीही ठेवलेला नाही. आणि आता अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जहाजात बसायला निघालेत. आमची इरा चौदा वर्षांची, पण एवढी अक्कल तिलाही आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "हार्बरफ्रंटला पण शिप आहे, वॉट. व्हाय सो फार, लाह?" नसतं लॉजिक काढू नकोस म्हणून तिलाच मी गप्प केलं.

मग एकेकाची फर्माइश सुरू झाली. निशीला खिडकी नसलेली केबिन हवी, का तर झोपायलाच तर जायचंय. समुद्रावर जायचं आणि समुद्र न दिसणाऱ्या खोलीत राहायचं! धाकट्या नीलला जहाजावर पाण्याची घसरगुंडी हवी. मेधाच्या नवऱ्याला टाय घालून जेवायला लागणार नाही असं जहाज हवं. आई अंडं खात नाहीत, म्हणून केकमध्ये अंडं घालता का, हे जहाज कंपन्यांना ईमेल करून विचारायचं काम माझं. ऑफिसात दिवसभर बँकेचे हिशेब जुळवायचे आणि बुकित पंजांगला घरी येऊन या लोकांचे. आणि हे सगळं कसंबसं जुळलं, की आईंचा प्रश्न ठरलेला. पोर्ट ऑफ स्पेनला जातं का?

अमेरिकेच्या व्हिसाला गेलो तेव्हा तर कहरच झाला. मायामीहून जहाज, म्हणून अमेरिकेचा व्हिसा. काचेपलीकडच्या तरुण ऑफिसरने आईंना विचारलं, तुम्हाला अमेरिकेला का जायचंय? आई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "मला नाही जायचं अमेरिकेला. मला पोर्ट ऑफ स्पेनला जायचंय." त्याला हसू आलं म्हणून निभावलं. बाहेर आल्यावर निशी म्हणाला, "आई, तू मुद्दाम करतेस का गं?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्याने विचारलं, मी सांगितलं. तुम्ही कुणी विचारलंत का?"

"वर्ल्ड कपमुळे बसलंय डोक्यात," निशीने निदान केलं. "आपल्या मॅचेस तिथेच आहेत ना, वेस्ट इंडीजमध्ये. दोन आठवड्यांत विसरेल."

मला काही ते पटलं नाही. मी लग्न होऊन आल्यापासून आईंना क्रिकेट बघताना पाहिलेलं नाही. नाना, म्हणजे माझे सासरे, होते तेव्हा मॅच म्हणजे पुण्यातल्या घरात पुरुषांची मैफल. आई आतून चहा पाठवायच्या. आताही निशी टीव्हीसमोर बसला की त्या स्वयंपाकघरात. फक्त जाता-येता दारातून विचारतात, "स्कोअर काय?" ऐकतात, मान हलवतात आणि जातात.

बांगलादेशकडून हरलो तेव्हा निशी दिवसभर कुणाशी बोलला नाही. आता श्रीलंकेला हरवलं नाही तर घरी परत, अशी वेळ आली. आणि इकडे मेधाने निर्वाणीचं कळवलं की शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर केबिनी गेल्या. मी डोकं खाजवून एक तोड काढली. घसरगुंडीवालं जहाज घ्यायचं आणि ते संपलं की मायामीहून विमानाने दोन दिवस पोर्ट ऑफ स्पेनला जायचं.

"वेडबिड लागलंय का तुला?" निशी म्हणाला. "वेगळी तिकिटं, वेगळा व्हिसा, आणि बघायचं काय तिथे? नाक कापलं गेलं ती जागा?"

"तुझ्या आईची पंचाहत्तरी आहे, माझ्या नाही!"

"म्हणूनच सांगतो. तिला काही कळत नाही यातलं. मी समजावतो तिला."

समजावलं अर्थातच नाही. शुक्रवारी रात्री मॅच लावून सोफ्यावर पसरला, तो तिथेच घोरायला लागला.

शनिवारी सकाळी मुलं पोहायला गेली होती. निशी सोफ्यावरून उठून आत जाऊन परत आडवा झाला होता. आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी कॉम्प्युटरवर स्कोअर पाहिला, आपण हरलो होतो, बाहेर पडलो होतो. का कोण जाणे, त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. हे सगळे लोक झोपणार, पोहणार, हरणार आणि मेधाला उत्तर मी द्यायचं!

"आई," मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "आज मेधाला सांगायचंय. एकदा काय ते स्पष्ट सांगा. त्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असं आहे तरी काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातली काडी बाजूला ठेवली.

"तिथून स्कोअर यायचा," त्या म्हणाल्या.

आई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे फोन जोडून द्यायच्या, एवढं मला माहीत होतं. फोटोही पाहिला होता, कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ. पुढचं काहीच माहीत नव्हतं.

"एकाहत्तर साल. आपली टीम वेस्ट इंडीजला गेलेली. तिकडचा खेळ संपायचा तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असायची. पेपर आधीच छापून झालेला, त्यात शेवटचा स्कोअर नाही. माझी सकाळची पाळी. मुंबईच्या ऑपरेटरला पेपरवाल्यांकडून कळायचं, ती मला लाइनवर सांगायची. आणि लोकांना कसा कोण जाणे सुगावा लागला. उजाडलं की ट्रंक बुकिंगला फोन सुरू. 'बाई, स्कोअर काय?' सुपरवायझर ओरडायची, पण तीही आधी मलाच विचारायची." आई हसल्या. "अख्खं पुणं मला विचारत होतं गं."

"आणि नाना? ते तर क्रिकेटवेडे! त्यांना काय मजा वाटली असेल!"

आईंनी पुन्हा कोथिंबीर हातात घेतली.

"तेही करायचे फोन. दूध आणायला डेअरीत जायचे, तिथे फोन होता. मागे कॅनचा खडखडाट ऐकू यायचा, त्यावरून मला कळायचं. 'बाई, जरा स्कोअर सांगता का?' इतकं गोड! मी सांगायचे. म्हणायचे, 'थँक्यू हं, बाई.'"

"ओळखलं नाही त्यांनी तुम्हाला?"

"ओळखलं असतं तर थँक्यू म्हणाले असते का?"

मीही चार काड्या उचलून निवडायला घेतल्या.

"जिंकलो त्या दिवशी तर म्हणाले, 'बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!' मला म्हणाले! घरी चहात साखर कमी झाली तर कप आपटायचे. आणि दुपारी मी पाळी संपवून घरी आले तर दारातच, 'अगं, कळलं का तुला? पोर्ट ऑफ स्पेनला जिंकलो! पण तुला काय सांगायचं, तुला काय कळतंय त्यातलं.' मी म्हटलं, 'हो का! अगंबाई!'"

"आणि सांगितलंच नाहीत कधी?"

"आधी गंमत म्हणून नाही सांगितलं. मग राहिलंच. सांगितलं असतं तर पुन्हा फोन केला नसता त्यांनी." त्यांनी निवडलेले देठ बाजूला सारले. "तेवढंच एक गाव आहे बघ, जिथलं मला त्यांच्या आधी कळायचं. म्हटलं, एकदा बघावं कसं आहे. पण ते जहाज जात नाही तर नाही. त्या मेधाला सांग, मी आता काही म्हणत नाही."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी तरातरा उठले. हॉटेलचा नंबर मी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. निशी नाही म्हणाला होता, म्हणून फोन केला नव्हता. इथे सकाळ, तिथे आदल्या दिवशीची रात्र. मी नंबर फिरवला.

"गुड नाइट!" पलीकडून एक बाई फोन उचलताच म्हणाली. मला वाटलं फोन ठेवतेय. पण नाही, ते तिकडचं संध्याकाळनंतरचं नमस्कार म्हणणं असावं. मागे हसण्याबोलण्याचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, मी सिंगापूरहून बोलतेय, मला जूनमधल्या रूम्सबद्दल विचारायचंय.

तेवढ्यात आईंनी हात पुढे केला. ओला हात पदराला पुसलेला.

"दे जरा."

मी फोन दिला. आणि आई ताठ बसल्या. एरवी त्यांचा आवाज जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी बसणारा. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा, घाई नाही.

"हॅलो, पोर्ट ऑफ स्पेन? सिंगापूर स्पीकिंग. मॅडम, व्हॉट इज द स्कोअर, प्लीज?"

पलीकडची बाई इतकी मोठ्याने हसली की मलाही ऐकू आलं. मग ती बराच वेळ बोलली. आई "येस," "येस, मॅडम" म्हणत होत्या, मान हलवत होत्या. हरलो हे त्यांना मघाशीच माझ्या तोंडावरून कळलं असणार. तरी त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पहिल्यांदाच कळत असल्यासारखं.

"थँक्यू, मॅडम," त्या म्हणाल्या. "थँक्यू व्हेरी मच. तुमची ड्यूटी किती वाजेपर्यंत?" हे त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि उत्तर ऐकून "हो ना, पाय भरून येतात" असं मराठीतच म्हणाल्या. मग फोन माझ्या हातात दिला.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "भली बाई आहे. आता ते तुमचं घसरगुंडीवालं घेऊन टाका."

"काही झालेलं नाही तुमचं!" मी म्हटलं आणि फोन कानाला लावून त्या बाईला सांगितलं, जून महिन्यात दोन रात्री, दोन रूम्स, दोन्हींना खिडकी पाहिजे. तिने नाव विचारलं. मी आईंचं नाव दिलं, संजीवनी, एकेक अक्षर सांगून. व्हिसाचं, तिकिटांचं, निशीच्या थयथयाटाचं पुढे बघता येईल. बघेन मीच, दुसरं कोण बघणार आहे!

फोन ठेवते तोच निशी डोळे चोळत आला. फ्रिज उघडून दुधाची बाटली काढली.

"काय गं, काय झालं शेवटी? मला झोपच लागली. स्कोअर काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईंनीच सांगितलं. दोन्ही बाजूंचा स्कोअर, किती धावांनी हरलो, सगळं. त्याच आवाजात.

"छ्या!" निशी म्हणाला. "दगड आहेत नुसते." आणि बाटलीचं झाकण उघडायला लागला. आईंना हे कसं कळलं, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

"निशी," मी म्हणाले, "आईंना थँक्यू म्हण."

"आँ? कशाबद्दल?"

"राहू दे गं," आई पुटपुटल्या.

"नाही राहू द्यायचं. निशी, म्हण आधी."

माझा चेहरा बघून त्याने वाद घातला नाही. हातात दुधाची बाटली तशीच धरून तो आईंकडे वळला. "थँक्यू, आई," तो म्हणाला. "बास? आता चहा मिळेल का?"

आई उठल्या. आमच्याकडे पाठ करून त्यांनी पातेलं नळाखाली धरलं. पातेलं भरलं, भरून वाहायला लागलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही.