तिसरा ठोका

माझ्या बापाला झटका आला आणि त्याची वाचा गेली. बोलायला शिकवणारी पोरगी म्हणाली, "आधी छोटे शब्द. हो, नाही, पाणी." कित्येक आठवडे बाप नुसता खरखरत राहिला.

आई, पीटरनेला, जन्मभर आमच्या झेलंड या डच प्रांतातल्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिथं पोरं लांबलचक शब्द टाळ्या वाजवून फोडतात. दर तुकड्याला टाळी, ज्या तुकड्यावर जोर त्याला जोराची. ती बापाला म्हणाली, "क्रैन, तू जन्मात कधी छोटं बोललायस? बढाईखोर मेला! घे, तुझाच शब्द घे." आणि टेबलावर मूठ आपटली. स्टॉर्म-व्लूट-के-रिंग. वादळात समुद्र अडवणारा तो पोलादी बांध. त्याचे दरवाजे बसवण्यात बापाची उमेदीची वर्षं गेली. पहिला ठोका जोरात, मग तीन हलके.

आणि बाप बोलला. अख्खा शब्द! आई रडली. एरवी चहाबरोबर एकच बिस्किट देऊन झाकण लावणारी ती, नाक पुसत म्हणाली, "आज बिस्किटाचा डबा उघडाच ठेवते. खा हवी तेवढी."

मग तपासणी आली. नीट उत्तरं दिली तर उपचार चालू राहणार, पुढं घर. नाहीतर कायमचं शुश्रूषागृह.

"आजोबा, घरी जायचंय?" डॉक्टरनं विचारलं.

"स्टॉर्मव्लूटकेरिंग." पहिला ठोका जोरात.

डॉक्टर हसला. हसला, हरामखोर!

"बरं, या बाईंचं नाव काय?"

बापानं आईकडे पाहिलं. तोंडातून तोच शब्द आला, दुसरा होता कुठं त्याच्याकडे? पण मूठ वेगळी पडली. दोन हलके, तिसरा जोरात, चौथा हलका. पी-टर-ने-ला.

आई ताडकन उठली. "सांगितलं त्यानं! तोंड काय बघताय, हात बघा त्याचा!"

"बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

आग लागो तुमच्या समजण्याला.

शुश्रूषागृहात बाप दिवसभर जेवणाच्या टेबलावर तेच चार ठोके मारायचा, तिसरा जोरात. बाकीच्यांना त्रास होतो म्हणून तिथल्या लोकांनी त्याच्या हाताखाली उशी बांधली. आता आवाज होत नाही.

आई रोज सायकल मारत जाते, उशी सोडते आणि तिथं आपला तळहात ठेवते. तिची बोटं सुजलीत. काल मी म्हटलं, "आई, काढ की हात."

"गप बस," ती म्हणाली. "तो बोलतोय."