बावीस नंबरचा चहा

थर्मासच्या झाकणातला चहा अजून हलत होता. खिडकीखालच्या अरुंद फळीवर, गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी तो काठापर्यंत येई, आता सांडतो की काय असं वाटे आणि परत मागे जाई. वर वाफेचा एक बारीक धागा... आहे की नाही? मघाशी तरी होता. मघाशी होता म्हणून तर मोजणीच्या वेळी ती ओरडली होती – "बावीस आहे!"

समोरची जागा रिकामी होती. गाडी सुटून दहा मिनिटं होत आली. जागेवर विस्कटलेली शाल, खाली पिशवी, फळीवर हा चहा. म्हणजे संसार सगळा जागच्या जागी, फक्त वहीवालीचा पत्ता नाही. असेल डब्याच्या दुसऱ्या टोकाला. कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो बघत बसली असेल. तिला काय, बोलायला भिंतसुद्धा चालते.

नंबरांची ही तऱ्हा शिट्टीबाईंची. सहल त्यांचीच, गळ्यात शिट्टी आणि आवाज शिट्टीपेक्षा मोठा. पहिल्याच दिवशी सव्वीस जणांच्या तेरा जोड्या लावून त्यांनी ठणकावलं होतं की मोजणीच्या वेळी कुणी आपला नंबर ओरडायचा नाही, जोडीदाराचा ओरडायचा. "मी आहे म्हणायला कुणीही म्हणतं हो. शेजारचा आहे का ते बघा!" एकट्या आलेल्या बायका दोनच, म्हणून ती एकवीस आणि वहीवाली बावीस. पहिल्या दिवशी 'अहो', दुसऱ्या संध्याकाळी 'अगं'. चाळीस वर्षं शाळेसमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवलेली ती बाई, प्रत्येक स्टेशनात उतरून आधी वह्या कुठे मिळतात ते शोधायची, पानांवरून अंगठा फिरवायची आणि परत येऊन सांगायची, "कागद काही खरा नाही गं." आणि आपल्याला, हसू महाग असलेल्या आपल्याला, त्याचं हसू यायचं.

ती स्वतः एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. काजं, गुंड्या, कॉलरची टोकं डोळ्यांत तेल घालून बघायची आणि खिशात चिठ्ठी सरकवायची – 'तपासले, सात'. सात म्हणजे ती. एक शर्ट कधी न बघता सोडला नाही, अंगात ताप असतानाही नाही. आणि आज एक अख्खी बाई... छे, काहीतरीच! चहा गरम आहे अजून.

तिने झाकणाला बोट लावलं. कोमट होतं.

सकाळी उजाडताना दोघीच जाग्या होत्या. वहीवालीने अगदी सहज विचारलं, "तुला भावंडं किती गं?" – आणि मग काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. धाकटी बहीण. आईच्या शिलाई मशीनवरून धरलेला अबोला – मशीन तरी कसलं, पायडल गंजलेलं – तो नऊ वर्षं चालला. मग निरोप आला, दवाखान्यात आहे, ताईला बोलवा म्हणते. मंगळवार होता. कारखान्यात मोठी ऑर्डर होती... खरं सांगायचं तर ऑर्डर कसली, राग होता. रविवारी जाऊ म्हटलं. शुक्रवारी ती गेली. आणि तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगत आलेय – शेवटी मी होते तिच्याजवळ, हात हातात होता. इतक्यांदा सांगितलं की तो हात आता कधी कधी खरोखर आठवतो.

हे चार दिवसांच्या ओळखीच्या बाईला सांगितलं! वहीवालीने 'जाऊ दे' म्हटलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. बाहेर बघत नुसतं म्हणाली, "किती लांब होता गं तो दवाखाना?"

एक बस. पाऊण तास. हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

नाश्त्याच्या वेळी वहीवाली पलीकडच्या नवराबायकोबरोबर खो-खो हसत होती आणि हिने ते हसणं कान देऊन ऐकलं. सांगितलं असणार, दुसरं काय! मग दुपारपर्यंत तिने त्या बाईकडे धड पाहिलंच नाही. म्हणूनच मघाशी, स्टेशन आल्यावर वहीवालीने चहा ओतला आणि म्हणाली, "आलेच हं, चहाकडे लक्ष ठेव," तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. झोप नव्हती. ऐकलं होतं. मग शिट्टी झाली, आकडे सुरू झाले, आणि तिने डोळे उघडून लक्ष ठेवलं ते चहाकडे. गाडीत असेल असं वाटलं म्हणून ओरडले मी? की नसली तरी...

नाही. तसं नाही. पण 'एकवीस आहे' कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. शिट्टीबाई समोरच उभ्या होत्या, "तुम्ही काय, दिसताच आहात," म्हणून पुढे सरकल्या होत्या.

ती उठली. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, संडासांची दारं वाजवली, परत आली. शिट्टीबाईंना सांगितलं. शिट्टीबाईंनी फोन लावला तर तो वहीवालीच्या पिशवीतच वाजायला लागला. सगळे जमले.

"पण तुम्ही आहे म्हणालात ना?" शिट्टीबाईंचा आवाज एकदम लहान झाला होता. "पाहिलं होतंत ना तुम्ही त्यांना? नंतर उतरल्या असतील."

वाक्य तयार करूनच दिलं होतं त्यांनी, नुसती मान हलवायची होती. हो, इथेच होती, माझ्या समोर. कुणाला कळणार होतं? सगळे म्हणाले असते, हिचा काय दोष बिचारीचा. घशाशी आलंसुद्धा ते – आणि त्याची चव ओळखीची होती, पार आतपर्यंत ओळखीची. हात हातात होता.

"नाही," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही. ती उतरतेय हे ऐकलं होतं, आणि तरी आहे म्हटलं."

पलीकडच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लाजेनं तिचे कान गरम झाले, तरी ती खाली न बघता तशीच उभी राहिली.

फोनाफोनी झाली. अर्ध्या तासाने शिट्टीबाई परत आल्या, त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. सापडल्या. स्टेशनमास्तरांच्या खोलीत बसल्या आहेत. मागच्या गाडीत बसवून देतायत, तासाभराच्या अंतराने पोचतील.

"काय म्हणाली?"

"मी सांगितलं त्यांना, तुम्ही मोजणीत काय केलंत ते. मग म्हणाल्या, माझा चहा टाकू नका."

"हसून म्हणाली?"

"आता फोनवर काय कळणार हो!"

मुक्कामाचं स्टेशन आलं, सगळे सामान घेऊन बाहेरच्या बसकडे निघाले. मी थांबते, ती म्हणाली. शिट्टीबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

बाकावर शाल, पिशवी, थर्मास, आणि दोन्ही हातांत गार चहा. वर साय धरली होती. येताना थोडा सांडला, बाहीवर डाग पडला, तरी तिने झाकण खाली ठेवलं नाही. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं... एक बस, पाऊण तास. हे आधी सांगायचं. सकाळी विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर. मग चिडू दे, तोंड फिरवू दे, जोडी बदलून मागू दे. आज वार कुठला, हे तिला आठवेना.

गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरू लागली, आणि ती उठून उभी राहिली. एकेक चेहरा बघू लागली, एकही न सोडता. बावीस ती म्हणणार होती, नीट बघून. एकवीस कुणी म्हणेल की नाही, ते तिच्या हातात नव्हतं.