शुद्ध घाणीचा पुरवठा

नवे संचालक आले आणि तीन महिन्यांत शर्बरी हाजराचे उंदीर ढिम्म झाले.

कोलकात्याच्या त्या संस्थेत ती सहा वर्षं काळा आजार नावाच्या तापाच्या जंतूवर काम करत होती. जंतूतलं एक प्रथिन वेगळं काढायचं, उंदरांना टोचायचं आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात तयार होतात का, ते पाहायचं. व्हायची, भरघोस व्हायची. ‘आमचं प्रथिन एकटंच पुरतं, सोबत काही मिसळावं लागत नाही,’ असं तिनं छापूनही आणलं होतं. आता मात्र तपासणीच्या तबकडीत जिथे पिवळाधमक रंग यायचा, तिथे नुसतं पाणी.

संचालक अमियभूषण सान्याल यांना स्वच्छतेनं झपाटलं होतं. आल्या आल्या त्यांनी जुन्या बाटल्या फोडायला लावल्या आणि नव्या बाटल्या अडीचशे अंशांवर भाजणारी भट्टी बसवली. तिच्या उद्घाटनाला सगळ्यांना मिठाईचे दोन-दोन संदेश मिळाले होते.

शर्बरीनं उंदीर बदलले, सुया बदलल्या, प्रथिन नव्यानं काढलं. शेवटी हरली आणि बाटल्या धुणाऱ्या फटिक माइतींसमोर जाऊन उभी राहिली.

“फटिकदा, खरं सांगा. पूर्वी बाटल्या कशानं धुवायचात?”

“साबणानंच, दिदी.” म्हातारा ओशाळला. “पण अकरा वाजता नळ जायचा ना. मग शेवटचं खळबळणं...”

“कुठे?”

“मागच्या तळ्यात. पण नंतर वाफेवर उकडायचो हं! काली माँची शपथ, एक जंतू जिवंत राहत नसे.”

शर्बरीला उलगडा झाला. तळ्यातले जंतू मरत होते, पण त्यांची टरफलं काचेला चिकटून राहत होती; नव्या भट्टीत ती टिकत नव्हती. अंगात पहाऱ्यावर असलेल्या पेशी ती टरफलं बरोबर ओळखतात. ती दिसली की त्या खवळतात, समोर येईल ते गिळतात, त्याचे तुकडे अंगावर मिरवत जवळच्या गाठीत जातात आणि तिथे निवांत पडलेल्या पेशींना गदागदा हलवतात. मग कुठे प्रतिपिंडांचं काम सुरू होतं. निव्वळ स्वच्छ प्रथिन टोचलं तर पहारेकरी ते नेऊन दाखवतात खरे, पण बोंब मारत नाहीत. आणि बोंब न मारता दाखवलेल्या वस्तूकडे तिथे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

म्हणजे सहा वर्षं बोंब मारायला लावत होतं ते तळं!

ती धावत मागे गेली. पाहुणे यायचे म्हणून सान्यालांनी तळं उपसून त्यात ब्लीचिंग पावडर ओतली होती.

मग तिनं रीतसर अर्ज केला : ‘प्रयोगासाठी घाण पाणी हवे.’ भांडार सांभाळणाऱ्या गोलोक पाकडाशींनी तो दोनदा वाचला.

“मॅडम, घाण कुठल्या दर्जाची?”

“साधी. तळ्यातली.”

“शुद्ध असल्याचं प्रमाणपत्र लागेल.”

“शुद्ध असेल तर ती घाण कशी, गोलोकबाबू?”

“ते तुम्ही शास्त्रज्ञ बघा. भेसळीचा माल मी आत घेत नाही.”

निविदा निघाली. एका पुरवठादारानं तीनदा गाळलेली, सीलबंद, पाण्यासारखी नितळ घाण पाठवली. गोलोकबाबू खूश. सान्यालांनी मात्र बाटली हुंगली आणि ‘किंचित वास येतो’ असा शेरा मारून ती परत धाडली.

“दिदी, आमच्या घरामागे तळं आहे,” फटिकदा हळूच म्हणाले. “बायको त्यातच भांडी घासते. शेजारची म्हैसही डुंबते. चालेल?”

“धावेल!”

दुसऱ्या दिवशी ते जेवणाचा डबा घेऊन आले. “खालच्या पुडात तळं आहे. वरच्यात माशाचं कालवण आहे, ते टोचू नका.”

पाणी उकडून तिनं काही उंदरांना नुसतं प्रथिन दिलं, काहींना नुसतं पाणी, काहींना दोन्ही. पाच आठवड्यांनी तबकडीची एकच ओळ पिवळी झाली. दोन्ही दिलेल्यांची.

“दिदी, हसताय की रडताय?”

“दोन्ही, फटिकदा. सहा वर्षं मी चुकीचं सांगत होते.”

तिनं तसंच लिहून काढलं. सान्यालांनी कागद दोन बोटांत धरला. “आपल्या बाटल्या घाण होत्या, हे तुम्ही जगाला सांगणार?”

“हो सर. घाण होत्या म्हणूनच प्रयोग जमत होता.”

सान्यालांनी कागद खाली ठेवला. “निदान ‘घाण’ शब्द काढा. ‘पारंपरिक जलसंस्कार’ म्हणा.”

तिनं काढला नाही. लेख छापून आला. शेवटच्या आभारांत फटिक माइतींचं नाव होतं, त्यांच्या गावाचं होतं आणि घरामागच्या तळ्याचंही. फटिकदांनी तो पुतण्याला बायकोसमोर वाचायला लावला. आपली भांडी घासायची जागा घाणेरडी म्हणून साता समुद्रापार जाहीर झाली, हे कळल्यावर ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.