शिंपिणीचा फोटो

समुद्रापलीकडून सेवा करायला आलेल्या त्या मुलीला निवाऱ्यातल्या सगळ्याजणी पाहुणी म्हणत. वय जेमतेम विशीचं, आणि उत्साह असा दांडगा की आल्या आल्या झाडूवालीच्या हातचा झाडू हिसकावून तिने त्या बिचारीला रडकुंडीला आणलं. आपली नोकरीच गेली असं झाडूवालीला वाटलं. भाषा ती तिथेच कानावर पडेल तशी शिकली, त्यामुळे थेट अधीक्षक बाईंनाही "तू जेवलीस का?" असं विचारायची. बाई हसून सोडून द्यायच्या. तिच्या बोलण्याचा राग धरायचा म्हटलं तर दिवसभर दुसरं काही करायलाच नको.

पाहुणीला राग यायचा तो तिथल्या एका नियमाचा. घर सोडून आलेल्या बायका निवाऱ्यात राहत, आणि त्यांना कुठली, का आलीस, मागे कोण आहे, हे कुणी विचारायचं नाही अशी पद्धत होती. "सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगेल," बाई प्रत्येक नव्या माणसाला बजावत. पाहुणीला हा निव्वळ निष्काळजीपणा वाटे. माणसं हरवलीत, आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही!

तिचं सूत जमलं शिंपिणीशी. शिंपीण म्हणजे मागच्या खोलीत मशीनवर बसून निवाऱ्यातल्या फाटक्या चादरी शिवणारी बाई. तोंडाची फटकळ. पाहुणीने शिवलेली खोळ उजेडात धरून म्हणायची, "पोरी, ह्यात उशी घालायची की हिला घाटातला रस्ता म्हणायचं?" मग दोघी हसून बेजार व्हायच्या. शिंपिणीचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. "पडले होते," ती सांगायची, आणि पाहुणीला ते खरं वाटायचं.

एकदा सुईत दोरा ओवताना शिंपीण म्हणाली, "माझी लेक आता तुझ्या खांद्याला लागत असेल." एवढंच म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. पाहुणीला भरून आलं. पोटची पोर असताना ही इथे चादरी शिवत बसलीय! तिने शिंपिणीचा फोटो काढला. पाहुणी आपल्या आईला दाखवणार असेल, असं समजून शिंपीणही केस सारखे करून हौसेने बसली. पाहुणीने तो फोटो इंटरनेटवर हरवलेल्या माणसांच्या पानावर टाकला, निवाऱ्याच्या पत्त्यासकट. बाईंना कळलं असतं तर त्यांनी मोडता घातला असता, म्हणून सगळं गुपचूप. मायलेकींची गळाभेट तिला आत्तापासूनच दिसायला लागली होती.

आला तो नवरा. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, हातात लग्नाचा फोटो. बाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि इथला पत्ता कुणी दिला म्हणून विचारलं. त्याने मोबाइल पुढे केला. बाईंनी तो पाहिला, मग पाहुणीकडे पाहिलं.

बाई मागच्या खोलीत गेल्या, पाहुणी त्यांच्या मागोमाग. नवरा आलाय म्हणताच शिंपिणीचे पाय मशीनवर थांबले.

"तुला जायचं नसेल तर तो तुला नेऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "तू नुसतं नाही म्हण. मी पोलिसांना बोलावते."

"लेक कुठंय माझी?"

"घरी आणलीय म्हणतो."

शिंपिणीने डोळे मिटले. "मी मेले समजून पोरीला त्याने माझ्या बहिणीकडे टाकली होती. नकोच होती त्याला. म्हणून तर सुखात होती. आता मी जिवंत आहे कळल्यावर घरी आणलीन, मला ओढायला."

"पोलीस तिलाही सोडवतील."

"आणि तोवर ती त्याच्या हाती राहील ना, बाई? त्याचा हात मला ठाऊक आहे."

बाई फोन करायला धावल्या. शिंपीण मात्र उठून कपड्यांचं बोचकं बांधायला लागली.

"मला माहीत नव्हतं," पाहुणी रडत म्हणाली. "मला वाटलं, तुला मुलगी भेटेल."

"विचारायचं होतंस पोरी. तुला मी सांगितलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पाहुणीला ते सोसलं असतं, हे सोसवेना.

फाटकाशी नवऱ्याने बायकोच्या हातचं बोचकं स्वतः घेतलं, गाडीचं दार उघडून तिला आत बसवलं. "माणूस तर बरा दिसतो गं," झाडूवाली पुटपुटली. पाहुणी धावत फाटकापाशी गेली. तिला गाडी अडवायची होती, ओरडायचं होतं, पण नवराच दोन पावलं पुढे आला आणि तिच्यासमोर वाकून त्याने हात जोडले.

"ताई, फार उपकार झाले तुमचे. तुम्ही नसता तर ही मला कधीच सापडली नसती."

गाडीत शिंपीण खाली मान घालून बसली होती. कुणी आभार मानले की काय म्हणायचं, हे पाहुणीच्या जिभेवर इतकं बसलं होतं की तिला आवरायचं सुचलंच नाही.

"त्यात काय एवढं," ती म्हणून गेली.